डाव्या हाताची पट्टी

पडद्यावर चितारलेले प्राणी धावतात ते कसे, आणि आजीनं असं काही कधी पाहिलं आहे का, असं माझ्या धाकट्या नातवानं नैरोबीहून विचारलं आहे. त्याच सुमारास या अंकाच्या संपादकांनी माझ्या शिक्षिकेच्या दिवसांतल्या काही आठवणी मागितल्या. दोघांनाही द्यायचं उत्तर एकच निघालं, म्हणून एकदाच लिहिते. अंक बोटीनं तिकडे येईल. श्री आणि नलू, तुम्ही दोघं तो आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. तुमच्या मराठीलाही तेवढंच तेलपाणी होईल.

तर, हो, पाहिलं आहे. शिकवलंही आहे, आणि तेही सिनेमा हा शब्द ठाण्यात कुणाच्या कानावर पडला नव्हता तेव्हा. प्लेगाच्या साथीच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. नौपाड्यात त्या वेळी भातशेती होती. डोंबिवली हे कल्याणला जाताना वाटेत दिसणारं लहानसं खेडं होतं. तुमचे आजोबा कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. लग्नानंतर त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं, परीक्षांना बसवलं, आणि मग ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजीच्या वरच्या वर्गांना शिकवायला मी जाऊ लागले. वर्ग कसले, दोन-तीन बाकं. मुली तेरा ते सोळा वर्षांच्या, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं चांगल्याच थोर. कुणी सुधारकाच्या घरातली, कुणी ख्रिस्ती, आणि एखादी अशी, की नशिबानं फटका दिल्यामुळेच शाळेपर्यंत पोचलेली.

एक गोरा इंजिनियर विलायतेला परत चालला होता. त्याच्या मडमेनं आवराआवर करताना मुलांच्या खेळण्यांची एक पेटी शाळेला दिली. तीत पत्र्याचा एक गोल डबा होता. वर झाकण नाही, खाली लाकडी दांडा, आणि दांड्यावर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. डब्याच्या काठाला सारख्या अंतरावर बारा उभ्या फटी होत्या. आतून कडेनं कागदाची एक लांब पट्टी बसवायची. पट्टीवर एकाच घोड्याची बारा चित्रं, प्रत्येकात पाय थोडे पुढे-मागे. डबा फिरवून बाहेरून फटींतून पाहिलं की घोडा धावतो. मुलींनी त्याचं नाव भिरभिरा ठेवलं.

घोडा धावतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी त्यांना चुलीवरून समजावलं. पेटलेलं कोलीत हातात धरून गरगर फिरवलं की विस्तवाचं अखंड कडं दिसतं. कडं नसतंच, कोलीत एका वेळी एकाच जागी असतं. पण डोळा पाहिलेलं चटकन सोडत नाही. पहिलं हातात धरून ठेवतो तोवर दुसरं येतं. भिरभिऱ्यातही तेच. आणि फटी कशासाठी? तर चित्र सरकताना दिसलं तर नुसता चिखल दिसेल. फट त्याला क्षणभर दाखवते आणि झाकते. डोळा मिटून उघडावा तसं.

एवढं साधं असूनही मोठी माणसं फसत. शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब डब्यावर ओणवे होऊन वरून आत बघत राहिले. घोडा काही दिसेना. मी बाहेरून पाहायला सुचवलं, तर म्हणाले की आत काय आहे ते आतच पाहिलं पाहिजे, आणि शेऱ्यात शाळेच्या विहिरीबद्दल लिहून गेले.

मडमेच्या पट्ट्या वर्षभरात झिजून फाटल्या. मग मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, मागणी केली की शनिवारचा कशिद्याचा तास मला द्या, मुली स्वतःच्या पट्ट्या काढतील. त्यांनी थोडे आढेवेढे घेऊन दिला. जुन्या नकाशांच्या पाठी कोऱ्या होत्या, त्या कापून आम्ही पट्ट्या केल्या.

पहिल्याच शनिवारी जे झालं ते तुमच्या शाळेत होणार नाही. मी सांगितलं, हात वर करणारा माणूस काढा. मुलींनी माना खाली घातल्या आणि तासभर रेघा ओढल्या. पट्टी डब्यात घालून फिरवली, तर माणूस जागचा हलेना. दुसरीची घातली, तोही हलेना. प्रत्येकीनं पहिलं चित्र काढलं होतं आणि पुढची अकरा त्याच्यावरून अगदी हुबेहूब उतरवली होती. त्यांचा दोष नव्हता. त्या काळी शिक्षण म्हणजे कित्ता. वर पंतोजींचं वळणदार अक्षर, खाली आपण ते गिरवायचं, आणि जी जास्तीत जास्त तसंच काढील ती हुशार. इतकी वर्षं ज्याबद्दल शाबासकी मिळाली तेच त्यांनी केलं होतं.

सगळ्यांत स्थिर पट्टी मथूची होती. तिचं अक्षर शाळेत पहिलं. तिची बारा माणसं एकमेकांवर ठेवली असती तर एकच दिसली असती. माजिवड्याच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची इजाबेल डोळा फटीला लावून म्हणाली, "बाई, मथूचा माणूस फोटो काढायला बसलाय. त्याला सांगा, झाला काढून, ऊठ आता."

इजाबेलची स्वतःची पट्टी मात्र गमतीची होती. तिचा हात पहिल्यापासून कच्चा. तिलाही हुबेहूबच काढायचं होतं, पण जमलं नव्हतं. त्यामुळे तिचा माणूस उगीचच श्वास घेत होता, पोट आतबाहेर करत होता. मुली हसल्या. मी फळ्यावर पहिला नियम लिहिला: आधीच्या चित्रापेक्षा थोडं चुकायचं. किती चुकायचं, ते ठरवून चुकायचं.

पुढचे नियम आम्ही अंगणात शोधले. शिपायाच्या बायकोचं उखळ-मुसळ मागून आणलं आणि एकीला कांडायला लावलं. मुसळ वर जाताना सावकाश जातं, वर क्षणभर रेंगाळतं, आणि खाली येतं ते एकदम. म्हणून वर जातानाची चित्रं जवळजवळ काढायची, खाली येतानाची लांबलांब, एखाददुसरंच. सारख्या अंतरानं काढलं तर मुसळ कापसाचं वाटतं. वजन रेघेत नसतं, दोन चित्रांमधल्या जागेत असतं. हे वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षं वर्गात वापरलं.

एकदा मी त्यांना गुडघे न वाकवता उडी मारायला सांगितली. सगळ्या खांबासारख्या उभ्या राहून टाचा उचलत होत्या. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि इंग्रजीचा कोणता धडा चालू आहे, असं त्यांनी विचारलं. वर जायचं तर आधी खाली बसावं लागतं, हा धडा, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना तो नीतिपाठ वाटला असावा. फुगडी घालताना मुलींनी स्वतःच शोधून काढलं की अंग थांबलं तरी वेणी थांबत नाही. वेणी, पदर, परकराचा घेर, ही मंडळी नेहमी मागाहून येतात आणि मागाहून थांबतात. तेव्हापासून उशिरा येणाऱ्या मुलीला वर्गात "आला पदर" म्हणत.

आता मथूविषयी सांगते. पूर्ण नाव मथुरा. मूळची कल्याणची, पारनाक्याजवळ घर. आईवडील लहानपणीच गेलेले, आजोबांनी वाढवलेली. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. आजोबांनी तिचं केशवपन होऊ दिलं नाही, म्हणून कल्याणात त्यांच्या घरी चार माणसं येईनाशी झाली होती. ठाण्यात खारकर आळीत मामाकडे राहून ती शिकत होती. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन पुण्याला अध्यापिका व्हायला जायचं, असं आम्ही दोघींनी मनात धरलं होतं.

आजोबांचं नाव विनायकशास्त्री. घरात त्यांना आबा म्हणत. त्यांचा व्यवसाय हातानं पोथ्या लिहिण्याचा. छापखाने आले तरी काही देवस्थानं आणि जुनी घरं बोरूनं लिहिलेलीच पोथी मागत. बोरू म्हणजे टोक कापलेल्या पोकळ काडीची लेखणी. मूळ पोथी समोर ठेवायची आणि अक्षराला अक्षर उतरवायचं. पानावर कुठेही दोन 'क' वेगळे दिसता कामा नयेत. ही विद्या त्यांनी मथूला दिली होती. त्यांची नजर अधू होत चालली होती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मथू कल्याणला जाऊन त्यांची पानं लिहायची.

पावसाळा उलटत आला असताना ते एक दिवस शाळेत आले. अंगावर उपरणं, हातात फडक्यात गुंडाळलेली काही पानं. मथूला वर्गातून बोलावून घ्या, असं त्यांनी मला सांगितलं. ती आली, तेव्हा त्यांनी पानं माझ्यासमोर मांडली. एक आधीच्या वर्षीचं, एक नुकतंच लिहिलेलं. मला दोन्ही सारखीच सुरेख वाटली. त्यांनी पान डोळ्याजवळ तिरपं धरलं, सुतार फळीची धार बघतो तसं, आणि मलाही तसंच बघायला लावलं. मग दिसलं. जुन्या पानातली अक्षरं कवायतीला उभी होती. नव्या पानात ओळीच्या सुरुवातीचा 'क' आणि शेवटचा 'क' यांत केसाएवढा फरक होता. मधले एकेक करून थोडे थोडे कलत गेले होते.

"ही अक्षरं चालायला लागली आहेत, बाई," ते म्हणाले. "तुम्ही तिला काय शिकवता?"

मी सांगितलं. भिरभिरा दाखवला, मुसळाची पट्टी फिरवली. त्यांनी शांतपणे पाहिलं, वाईट काही बोलले नाहीत. उलट युक्ती चांगली आहे म्हणाले. पण मथूला ते त्याच दिवशी घेऊन जाणार होते. मी पुण्याची गोष्ट काढली, परीक्षा एका वर्षावर आली आहे म्हणाले, छापखान्यांचंही बोलले. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी मला जे सांगितलं ते खोडता येण्यासारखं नव्हतं. परीक्षा होईल की नाही, पुण्याला कुणी घेईल की नाही, विधवा मुलीला नोकरी देऊन लोक टिकू देतील की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. हात मात्र आज आहे. तो बिघडला तर तिच्यापाशी काहीच राहत नाही.

"मी किती दिवसांचा?" ते म्हणाले. "माझ्यामागे तिला हा हात जेवू घालील. आणि हाताला वळण एकच लागतं. दोन लागत नाहीत."

मथू दाराशी उभी होती. आबांसमोर ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "आबा, हात दोन आहेत."

ती काय म्हणते ते त्यांना आधी कळलं नाही, मलाही नाही. तिनं डावा हात पुढे केला. पोथी उजव्यानं लिहीन, चित्रं डाव्यानं काढीन, असं तिचं म्हणणं. डावा हात म्हणजे आपल्याकडे काय, ते तुम्हाला तिकडे राहून विसरायला झालं असेल. त्यानं प्रसाद घेत नाहीत, कुणाला काही देत नाहीत, अक्षर तर काढतच नाहीत. मला वाटलं, आता आबा चिडतील. त्यांनी तो हात धरून तळव्याकडून उलटून पाहिला.

"याला मी काही शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर माझा हक्क नाही. पण पोथीला तो लागता कामा नये."

मुदत ठरली दसऱ्याची. तोवर मथू सुट्टीत पानं लिहील. दसऱ्याला पाटीपूजनाला ते ठाण्यात येतील आणि पानं तपासतील. अक्षरं जागी उभी असली तर ती शाळेत राहील. चालत असली तर त्याच दिवशी कल्याणला परत.

पुढचे शनिवार मी कधी विसरणार नाही. मथूचा उजवा हात आपणहून पेन्सिलीकडे जायचा, म्हणून ती तो मांडीखाली दाबून बसायची. डाव्या हाताला रेघ सरळ येईना. शाळेत पहिलं अक्षर असलेली मुलगी बिगरीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून गोल काढत होती. मामीनं घरात हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. शेजारणी काय म्हणतील, एवढंच ती परत परत म्हणत होती. मथूची पहिली डावरी पट्टी फिरवली, तर चित्रातली बाई, तिची घागर आणि मागची विहीरसुद्धा थडथड उडत होती.

इजाबेल म्हणाली, "अख्ख्या गावाला हिवताप भरलाय, बाई. विहिरीला पण."

मथू स्वतःच हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण त्या थरथरत्या पट्टीत एक गोष्ट होती, जी तिच्या उजव्या हातानं कधीच आली नसती. बाई जिवंत होती. डाव्या हाताला मागचं चित्र हुबेहूब उतरवता येतच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वेळी माणूस नव्यानं पाहून काढावा लागत होता. मग हळूहळू तिनं विहिरीला धरून ठेवायला शिकून घेतलं आणि बाईला सोडायला.

दसऱ्यासाठी ती एक वेगळी पट्टी काढत होती. काय काढतेस विचारलं तर सांगत नव्हती. मीही ताणलं नाही.

दसऱ्याला वर्गात पाट्या मांडून पूजा झाली, झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे पडलेल्या. आबा आले. मुलींच्या देखत नको, म्हणून आम्ही व्हरांड्यात उन्हात बसलो. त्यांनी मथूची पानं एकेक करून डोळ्याजवळ तिरपी धरली. एकही पान त्यांनी घाईनं खाली ठेवलं नाही. मथू जमिनीकडे बघत होती, मी रस्त्याकडे. शेवटचं पान खाली ठेवून त्यांनी कडा जुळवल्या.

"उभी आहेत," ते म्हणाले.

मथूनं नमस्कार केला. मी समजले होते की गोष्ट इथे संपली. पण आबा म्हणाले, दुसऱ्या हाताचंही दाखव.

तिनं आतून भिरभिरा आणला, पट्टी बसवली आणि डबा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून फिरवला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. एक म्हातारा मांडी घालून बसला आहे. बोरू दौतीत बुडवतो, उचलतो, मनगटाला एक बारीक झटका देतो, आणि पानावर टेकवतो. परत बुडवतो. शेंडीचं टोक मान हलल्यावर मागाहून हलत होतं, तो नियमही तिनं सोडला नव्हता.

आबांनी स्वतःला ओळखलं. पण ते नाराज दिसले.

"हे चुकलं," ते म्हणाले. "मी बोरू झटकत नाही. शाईचा थेंब पानावर जाईल. मी दौतीच्या काठाला टेकवून काढतो."

"झटकता, आबा," मथू म्हणाली.

"साठ वर्षं लिहितोय मी."

"भिंतीवर शिंतोडे आहेत. तुमच्या उजव्या बाजूच्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी साक्षीदार होते. मग त्यांनी पूजेतली एक काडी उचलली, समोर दौत आहे असं धरून हवेतच बुडवली, उचलली, आणि मनगट आपोआप झटकलं गेलं. ते तसेच थांबले. काडी तशीच हवेत. आयुष्यभर त्यांनी अक्षराकडे पाहिलं होतं, हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. मग ते हसायला लागले, अगदी आवाज न करता, पोट हलवत. इजाबेलच्या पहिल्या पट्टीतल्या माणसासारखे.

मथूचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारालच. ती परीक्षा पास झाली, पुण्याला गेली, परत येऊन कल्याणातच मुलींना शिकवू लागली. कुणी तिला नोकरीत टिकू दिलं, कुणी त्रास दिला. आबांची भीती अर्धी खरी झाली, अर्धी नाही. पोथ्या मात्र त्यांच्याबरोबरच संपल्या. एवढं सुंदर अक्षर नंतर नुसत्या हजेरीपटावर खर्च झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. आणि भिरभिरा पुढे गंजून मोडला. तुमच्याकडच्या पडद्यावर चित्रांचे प्राणी उड्या मारतील तेव्हा बघा, उडीच्या आधी ते खाली बसतात का. बसले तर समजा, कुणीतरी त्यांना अंगणात उभं राहून शिकवलं आहे.

पण त्या दसऱ्याचा शेवट सांगायचा राहिला. पोथी लिहिणारा शेवटच्या पानावर एक ओळ लिहितो. जसं पाहिलं तसं लिहिलं, चूकभूल असेल ती माझी नाही, अशा अर्थाची. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल आहे. मथूनं आपल्या पट्टीच्या टोकाला त्या ओळीसाठी कोरी जागा ठेवली होती, आणि ती आबांना विचारत होती की लिहू का.

आबांनी पट्टी डब्यातून काढून डोळ्याजवळ धरली. तिरपी नाही, सरळच.

"ती ओळ इथे चालायची नाही," ते म्हणाले. "ही कुणाची नक्कल नाही. यात चूकभूल असेल ती तुझी. खाली नाव घाल."

मथूनं पेन्सिल उचलली आणि थांबली. "कोणत्या हातानं, आबा?"

त्यांनी पट्टी तिच्यापुढे ठेवली.

"ज्यानं काढलंस, त्यानं."

ती पट्टी आज माझ्या पेटीत आहे. तिच्या टोकाला 'मथुरा' ही तीन अक्षरं आहेत. त्यांतलं एकही जागेवर उभं नाही.